पांढुर्ण्याला न थांबणाऱ्या गाड्या

बालपांडे सर गेल्याचं प्रतिभाताईनं मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी हैदराबादला विद्यापीठाच्या मेसमध्ये ताट घेऊन रांगेत उभी होते. ती म्हणाली, "सर गेले वं. झोपेतच." मग म्हणाली, "माझं त्यायले एक सांगायचं राहून गेलं." काय राहून गेलं ते मला ठाऊक होतं. माझंही एक राहिलं होतं, ते मी तिला सांगितलं नाही. फोन ठेवला, वाढून घेतलं आणि सगळं जेवले. त्याचीही आता लाज वाटते.

सर पांढुर्ण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आमचा भाग मध्य प्रदेशात, पण घरात बोलतात ती मराठी. त्यामुळे सरांच्या तासाला पुस्तक हिंदीत, आकृतीतली नावं इंग्रजीत आणि रागावणं मराठीत असायचं. उंच, खांद्यात वाकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि बाराही महिने हातात काळी छत्री. ती छत्री त्यांनी उघडलेली मी एकदाही पाहिली नाही. पाऊस आला की ते दुकानाच्या आडोशाला उभे राहत. छत्री होती फळ्यावर बोट दाखवायला, ऑटो थांबवायला आणि मागच्या बाकावरच्या पोट्ट्यांच्या पाठीत टोचायला.

विद्यार्थ्यांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा राहत असतील तरी ते वापरत नसत. कॉलेज सुरू झालं की पहिल्या प्रॅक्टिकलला ते सगळ्यांचा रक्तगट तपासून घेत आणि त्या दिवसापासून तेच आपलं नाव. "ए पॉझिटिव्ह, खिडकी लाव." "बी पॉझिटिव्ह, तोंड बंद कर." आमच्या वर्गात बी पॉझिटिव्ह इतके होते की अशा वेळी अर्धा वर्ग गप्प व्हायचा. रस्त्यात कुणी जुना विद्यार्थी बायको-मुलांसह भेटला तरी सर लांबून हाक मारायचे, "अरे एबी निगेटिव्ह, कवा आला?" आणि त्याची बायको नवऱ्याकडे पाहत राहायची.

माझ्या काचपट्टीवर तीन थेंब होते. शेजारच्या मुलींच्या थेंबांत गुठळ्या झाल्या, माझे तिन्ही थेंब जसेच्या तसे राहिले. मला वाटलं माझं चुकलं. सर आले, वाकले, चष्मा काढून पुसला आणि परत वाकले. मग माझ्याकडे असे पाहू लागले की जणू घरी पाहुणी आली आहे.

"कुठली तू?"

"सौसरची, सर."

"अपडाऊन करते?"

"नाही. इथं मावशीकडे राहते."

"मंग झालं," सर म्हणाले. कुणाचं लग्न ठरल्यावर म्हणावं तसं. त्या दिवसापासून मी 'ओ निगेटिव्ह धाकटी' झाले. मोठी होती प्रतिभाताई, आमच्याच कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, तेव्हा रोज गाडीनं नागपूरला जाऊन एम.एस्सी. करणारी.

सरांची एक टोळी होती. तिला नाव नव्हतं, नोंदणी नव्हती, बॅनर नव्हता. आमच्याकडचा पेशंट अवघड झाला की नागपूरला पाठवतात, आणि रक्त कमी मिळणाऱ्या गटाचं असेल तर मागून देणारा माणूस गाडीत बसवून पाठवावा लागतो. ते बसवण्याचं काम सर करत. कुणाचा गट कोणता, कुणी शेवटचं कधी दिलं, कुणाला नुकताच ताप येऊन गेला, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असे. ते नमस्काराला नमस्कार करत नसत. जवळ येऊन म्हणत, "डोळा दाखव," आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढून आत लाली किती आहे ते पाहत. पोरं हसायची. पोरींना सवय व्हायला वेळ लागायचा.

माझी पापणी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती त्यांना फिकट वाटली. नागपूरला मशीननंही तेच सांगितलं आणि मला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर मावशीच्या स्वयंपाकघराच्या दारात उभे.

"जेवाले कोण पहिले बसते इथं?" त्यांनी मावशीला विचारलं.

"हे बसतात, मंग पोरं."

"अन् हे पोट्टी?"

"माझ्यासंगं बसते ना सर. पोळ्या झाल्यावर."

"म्हणजे भाजी सरल्यावर," सर म्हणाले. मावशी बोलायला लागली तर छत्री वर करून तिला थांबवलं. "बाई, हिच्या आंगातल्या रक्तावर एका लेकराचा महिना चालते. हिले पहिले वाढत जा. अन् तुमचाही डोळा दाखवा."

मावशीनं दाखवला. तिच्या पापणीत माझ्यापेक्षाही कमी लाली होती. त्यानंतर सरांनी दोघींसाठी गूळ-फुटाण्यांच्या पुड्या आणून द्यायला सुरुवात केली, आणि काका महिनाभर सरांवर रागावून होते.

ते लेकरू म्हणजे गुड्डी. नदीपलीकडे सावरगावात तिच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान. गुड्डीच्या शरीरात रक्त टिकत नसे. दर महिन्याला नागपूरला नेऊन भरावं लागे. तिचाही गट ओ निगेटिव्ह. आपण एक बाटली द्यायची आणि रक्तपेढीनं त्याच गटाची, तपासून ठेवलेली बाटली गुड्डीला द्यायची, अशी सोय सरांनी लावून घेतली होती. बाईनं एकदा दिलं की चार महिने थांबावं लागतं. सरांकडे प्रतिभाताई होती, बसस्टँडजवळचा राजू टेलर होता, पाटबंधाऱ्यातले उईके बाबू होते. मी आल्यावर चार झाले आणि साखळी जुळली. आमच्यातला एक जण आला नाही की गुड्डीचा तो महिना कोरडा, इतकं ते साधं होतं.

सरांचा स्वतःचा गट एबी पॉझिटिव्ह. कुणाचंही चालतं, पण देता येतं फक्त आपल्याच गटाला. यावर ते स्वतःच विनोद करत. "मी घेणारा माणूस. द्यायले माझ्यापाशी काही नाही, म्हणून मागत फिरतो." आम्ही हसायचो. ते हसतात की नाही याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मागण्यात मात्र सर पक्के होते, आणि एकदा त्याच पायी त्यांची फार मोठी चूक झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांना गोटे मारतात. गोटमार म्हणजे आमच्याकडे वर्षाचा सण. नागपूरला गेलेली पोरंही त्या दिवशी परत येतात. सरांनी डोकं लढवलं. पोळ्याच्या आधी एका शाळेत रक्तदानाचं शिबिर ठेवलं, एका भिंतीला पांढुर्ण्याच्या खाटा, समोरच्या भिंतीला सावरगावच्या. मधे स्वतः छत्री घेऊन उभे. "परवा नदीत सांडणारच आहे, आज थोडं कामाचं सांडा," असं म्हणत होते आणि दर थोड्या वेळानं कोणतं गाव पुढे आहे ते ओरडून सांगत होते. पोट्टी पेटली. एका भिंतीचा आकडा वाढला की समोरच्या भिंतीकडची पोरं मोटारसायकलवर जाऊन मित्रांना घेऊन यायची. संध्याकाळी नागपूरची गाडी बाटल्या घेऊन गेली तेव्हा सर खुशीत होते.

गोटमारीच्या दिवशी आम्ही मुलं-मुली मलमपट्टीच्या मांडवात होतो. दुपारी सावरगावच्या विक्कीला चार जणांनी उचलून आणलं. गोटा कानाच्या वर लागला होता. शिबिरात सर्वांत आधी खाटेवर झोपलेला तोच. सर त्याच्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये चढले आणि नागपूरपर्यंत त्याच्या डोक्यावरचा बोळा दाबून बसले. विक्की वाचला. एका बाटलीनं काही फरक पडत नाही, जखमच मोठी होती, असं डॉक्टरांनी सरांना नीट समजावून सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि मानलं नाही.

पुढे बरेच दिवस ते रोज नदी ओलांडून विक्कीकडे खजूर घेऊन जात. एकदा मी सोबत होते. विक्कीची आई शेवटी कंटाळून म्हणाली, "सर, गोटा तुमी मारला का? मंग काहून येऊन राहिले रोज?"

"गोटा नाही मारला बाई. पण दोन गावाचं वैर म्या कामाले लावलं. ते काही चांगलं नाही झालं."

त्या बाईला ते काही पटलं नाही. तिनं चहा टाकला. सर चहा पिऊन उठले, विक्कीची पापणी ओढून पाहिली आणि निघाले. नंतर कधी त्यांनी गोटमारीच्या आसपास शिबिर घेतलं नाही.

निकाल लागले की त्यांच्या ओसरीवर वेगळीच गर्दी असे. पुढं कुठं शिकायचं हे विचारायला सगळे तिथंच यायचे. आमचा प्रश्न जरा वाकडा आहे. बोली नागपूरची आणि दाखले भोपाळचे. नागपूर दोन तासांवर, पण आमचे जातीचे-रहिवासाचे दाखले तिकडे चालत नाहीत. भोपाळला चालतात, तर तिथं आमची हिंदी ऐकून लोक विचारतात, महाराष्ट्र से हो क्या? घरचे म्हणतात छिंदवाडा बरं, बसनं जाता येतं. पोरांना इंदूर हवं असतं. सर सगळ्यांचं ऐकून घेत आणि मग आपला नियम सांगत.

"ज्या गावाची गाडी पांढुर्ण्याले थांबत नाही, त्या गावच्या विद्यापीठात जाऊ नये."

"काहून सर?"

"बिमार पडला तर उतरशीन कुठं?"

सगळे हसत आणि बहुतेक जण तसंच करत. मला तो विनोद वाटे. सरांना गाड्यांचं वेड होतंच. रक्त द्यायला जाताना आम्ही पॅसेंजरची वाट पाहत प्लॅटफॉर्मवर बसलो की मधेच एखादी सुपरफास्ट न थांबता धडधडत जायची. सगळे मागे सरकत, धूळ उडे, चहावाला कपांवर हात धरी. सर मात्र उठून उभे राहत आणि गाडी जाईपर्यंत छत्री वर धरत. मी एकदा विचारलं, "कोणाले दाखवून राहिले सर?"

"आत आपलं कोणी असंन तर? त्याले काही उतरता येत नाही. त्याले वाटलं पाह्यजे का गावानं पाह्यलं."

गुड्डी सोबत असली की तीही बाकावर उभी राहून दोन्ही हात वर करायची. तिला वाटे, हा खेळ आहे.

प्रतिभाताईला दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठात जागा मिळाली होती आणि ती गेली नाही, हे मला दुसऱ्या वर्षाला कळलं. कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. नागपूरहून रक्त देऊन परत येताना मी सरांना सहज विचारलं. गाडीत गर्दी नव्हती. सर शेंगा सोलून मला देत होते, स्वतः खात नव्हते. ते थांबले.

"माह्या ओसरीवर आली होती ते. म्हणे, सर, जाऊ का? म्या म्हटलं, ते गाडी आपल्या इथं थांबत नाही. नागपूर काय वाईट आहे?" त्यांनी शेंगांची टरफलं कागदात गोळा केली. "त्याच आठवड्यात गुड्डीची तारीख होती. उईके बाबूले कावीळ झाली होती. एक राजू अन् एक प्रतिभा, दोघंच होते माह्यापाशी."

मी हातातले दाणे खिडकीच्या कडेला ठेवले.

"मले तवा समजलंही नाही का मी काय करून राहिलो. मले वाटलं मी गाडीचंच सांगून राहिलो. नंतर एका दिवशी सकाळच्या गाडीत तिले डबा घेऊन उभी पाह्यलं, लटकून चालली होती, तवा समजलं." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "सारी उमर दुसऱ्यायचं रक्त वाटत आलो मी. आपलं काय गेलं माह्यं?"

मला विचारल्याचा पश्चात्ताप होत होता, आणि त्याहून वाईट म्हणजे माझ्या मनात तेव्हाच येऊन गेलं होतं की मलाही कधीतरी त्याच ओसरीवर जायचं आहे.

त्याआधी सरांनीच पाऊल उचललं. तिसरं वर्ष सुरू झालं आणि त्यांनी मला संध्याकाळी घरी बोलवायला सुरुवात केली. निवृत्त झाले होते, वेळ होता. हैदराबादच्या विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा त्यांनीच शोधली. पेशी, अनुवंश, एंझाइम, सगळं मुळापासून. इंग्रजीत उत्तर अडलं की म्हणत, "पहिले मराठीत सांग, इंग्रजी मागून येते." मी चुकले की रागावत, आणि रागाच्या भरात एक-दोनदा मला "मोठी" म्हणाले. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. माझ्या लक्षात आलं. त्या ओसरीवर मी प्रतिभाताईच्या जागी बसले होते, तिचा अभ्यास मला मिळत होता, आणि मी तो घेत होते. कुणीतरी नाकारलेलं नाही, कुणाचं तरी राहिलेलं. तरी मी एकही संध्याकाळ चुकवली नाही.

हैदराबादची गाडी पांढुर्ण्याला थांबत नाही. हे दोघांनाही माहीत होतं, आणि त्या वर्षभरात दोघांनीही ते एकदाही काढलं नाही.

निवड झाली. बाबा सौसरला शिक्षक. ते म्हणाले नागपूर कर, सकाळी जाशीन, संध्याकाळी घरी. आई नुसती रडली. मी धावत सरांकडे गेले. वाटलं, खूश होतील. ते खूश झालेच, फुटाण्यांची पुडी माझ्या हातात कोंबली. मग मी विचारलं, "सर, जाऊ का?" तर त्यांनी तोंड फिरवलं.

"मले नको विचारू."

"मंग कोणाले विचारू?"

"मोठीले विचार. माह्या सल्ल्याची तारीख निघून गेली."

प्रतिभाताई तोपर्यंत सौसरला एका खासगी शाळेत शिकवायला लागली होती. लग्न होऊन वर्ष झालं होतं. मी गेले तेव्हा ती मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर बसून संत्रं सोलत होती. अर्धं तिनं मला दिलं. मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि संत्र्याच्या शिरा काढत होती.

"जाय ना मंग," ती म्हणाली. "पण एक सांगते. मला आता देता नाही येणार. चौथा महिना आहे. मंग पाजणं आलं. वर्ष-दीड वर्ष तरी मी गेली समज." मी तिच्याकडे पाहिलं, तर तिनं मान खाली घातली. "सरांना अजून नाही सांगितलं. हिंमतच होऊन नाही राहिली."

पोटात लेकरू असल्याचं सांगायला तिला हिंमत लागत होती. सरांना कळलं असतं तर ते आनंदानं उडालेच असते. पण मागून त्यांनी मनात साखळी मोजली असती, आणि ते आपण केलं याची त्यांना परत लाज वाटली असती. ते तिला नको होतं.

"ताई, तुला सरांचा राग येत नाही?"

"कशाचा?"

"त्यांनी तुला थांबवलं त्याचा."

आत घंटा झाली तरी ती उठली नाही. "मला कोणी नाही थांबवलं वं. मला भ्यावच वाटून राहिलं होतं. एवढ्या दूर, कोणाची बोली समजत नाही, एकटी. ओसरीवर गेली तवा मनात म्हणत होती, सरांनी नाही म्हणावं. त्यांनी म्हटलं. मी घरी येऊन आरामात झोपली." तिनं सालं पदरात गोळा केली. "सर मात्र अजून त्याचं घेऊन बसले. मला दिसते ना. माझ्यासमोर आले की त्यांची मान खाली जाते. अन् मी एकदाही नाही म्हटलं, का सर, तुमचं काही नाही, मीच भ्यायली. बरं वाटत होतं ना, का आपलं ओझं कोणीतरी नेऊन राहिलं."

"मग सांग ना त्यांना."

"सांगीन. तू जाऊन येजो, मंग सांगीन."

मी परत पांढुर्ण्याला आले. ताईच्या दिवसांचं सरांना सांगावं की नाही हे बसमध्ये ठरवत होते. ठरलं नाही. ओसरीवर पोचले तर सर दारातच उभे होते. माझा चेहरा पाहून त्यांना काय कळलं कोण जाणे. की आधीच माहीत होतं, पांढुर्णा-सौसर काही लांब नाही.

"अश्विनी," ते म्हणाले, "जाय तू."

तीन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. मी ती ऐकून रडले, आणि सरांना वाटलं आनंदानं. साखळीतून त्यांनी माझी कडी काढून माझ्या हातात दिली होती. ती मी परत केली नाही. गुड्डीचं काय, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी सांगितलं असतं, आणि मग ते ऐकून मला जावं लागलं असतं. न विचारता जाणं सोपं होतं.

नागपूरच्या पॅसेंजरपर्यंत सोडायला ते आले. आई-बाबा, मावशी, सगळे होते. गाडी आली तेव्हा सर पुढं झाले. "डोळा दाखव." पापणी ओढून पाहिली. "चांगलं आहे. सांभाळजो."

हैदराबादला गेल्यावर मी फोन करायचे. "गुड्डी कशी आहे सर?" "मजेत. शाळेत जाऊन राहिली." एकदा तिथल्या दवाखान्यात मी रक्त दिलं. कुणासाठी ते माहीत नव्हतं. सरांना सांगितलं तर केवढे खूश झाले. "तिकडची गुड्डी असंन कोणाची." तेवढ्यानं मला चार दिवस हलकं वाटलं. मग मावशीनं बोलता बोलता सांगितलं की मधे एक महिना कुणीच मिळालं नव्हतं. गुड्डीची तारीख उलटून गेली, पोर पिवळी पडली, तिला वडिलांनी खांद्यावर घेऊन गाडीत चढवलं. सर सावरगावात घरोघर फिरून पोरांचे रक्तगट तपासत होते, काचपट्ट्या पिशवीत घेऊन. "पाय सुजले त्यायचे," मावशी म्हणाली. "तुले नाही सांगितलं का त्यायनं?"

सांगितलं नव्हतं. मीही त्यांना विचारलं नाही. पुढच्या फोनला ते म्हणाले सगळं मजेत आणि मी म्हटलं बरं झालं.

दुसऱ्या वर्षी आमच्या विभागानं काही जणांना दिल्लीला एका परिषदेला पाठवलं. गाडी नागपूरवरून जाणार होती. मला नागपूरला उतरता आलं असतं. एक दिवस आधी निघून पांढुर्ण्याला जाता आलं असतं. चार महिने केव्हाच होऊन गेले होते, देताही आलं असतं. मी सगळ्यांबरोबर तिकीट काढलं. सरांना कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर ते प्लॅटफॉर्मवर येऊन उभे राहिले असते. नंतरही सांगितलं नाही, माझं राहून गेलं ते हेच.

नागपूर सुटल्यावर मी दारात जाऊन उभी राहिले. दुपार होती. मैत्रिणी आत पत्ते खेळत होत्या. संत्र्याचे बगीचे लागले, कापसाची शेतं लागली, आणि ओळखीचा सिग्नल आला. गाडीनं वेग कमी केला नाही. बाकं, नळ, चहाची टपरी, आणि आमच्या नेहमीच्या बाकावर सर. बसलेले होते. केवढे वाकले होते. समोर दोन नवी पोट्टी उभी, आणि सर एकाची पापणी ओढून डोळा पाहत होते. गाडी धडधडत गेली तरी त्यांनी मान वर केली नाही.

त्यांच्याशेजारी बाकावर गुड्डी उभी होती. उंच झाली होती. सरांची छत्री तिनं दोन्ही हातांनी धरून डोक्यावर उंच केली होती, आणि आमच्या गाडीकडे पाहत होती.

मी दाराचा दांडा धरला होता. तो सोडून हात वर करेपर्यंत पुढचे बगीचे सुरू झाले होते.